चालतंय ना, मग हात कशाला लावतेस?



दिवाळीनंतर इथे एक अक्षर लिहिलं नाही. दोघातिघांनी मेल करून तब्येतीची चौकशी केली. तब्येत बरी आहे, गुडघे सोडून. बिघडलं होतं ते यंत्र, आणि यंत्रापेक्षा जास्त बिघडलं ते माझं आणि माझ्या भाच्याचं. तो हा ब्लॉग वाचतो. वाचू दे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझी जी थट्टा चालली आहे तिला तिथे दोन ओळींत उत्तर देणं मला जमत नाही. जन्म फळाभर लिहिण्यात गेला.

नव्या वाचकांसाठी थोडी पूर्वपीठिका. आमच्या घरी जिन्याखाली, जिथे पूर्वी धान्याची कणगी असायची तिथे, एक सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे फार काही नाही, एक काळं खोकं, आत दोन डिस्क, त्यावर डेबियन लिनक्स. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. त्यात आमच्या गावातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या बायकांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. निवृत्तीनंतर मी आणि वाचनालयातल्या तीन मुलींनी मिळून सहा वर्षं त्या रेकॉर्ड केल्या. (हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आहेत. त्यापुढे आमच्या ४१२ फायली म्हणजे सुपातले चार दाणे.) गाणाऱ्या ६३ जणींपैकी २२ जणी आता नाहीत. त्या तिघी मुली आता शहरांत नोकरीला आहेत, पण तिघींना लॉगिन दिलेलं आहे; रात्री वेळ मिळेल तसं एकेक रेकॉर्डिंग ऐकून शब्द लिहून काढतात. गाणारणींच्या लेकी-सुना, नातवंडं ऐकतात. एवढाच त्या खोक्याचा उपयोग.

डेबियनची १३ वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली. मी लगेच गेले नाही. नव्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या छपाईत चुका असतात हे ज्याने शिकवलंय त्याला सांगावं लागत नाही. भाऊबीज झाली, पाहुणे गेले, मग सगळ्या सूचना छापून घेतल्या, फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली आणि बसले. १२ वरून १३ वर जाताना कर्नलही ६.१ वरून ६.१२ वर जातं. (कर्नल म्हटलं की आमच्या ह्यांना मिशीवाला लष्करी अधिकारीच दिसायचा. "तुझा कर्नल आज काय म्हणतोय?" असं विचारायचे. तर हा तो नव्हे. यंत्र आणि बाकीचे सगळे प्रोग्रॅम यांच्या मधे बसणारा जो गाभा, तो कर्नल.) पाऊण तास पडद्यावरून ओळी धावत होत्या. त्यातल्या एका ओळीत 'एरर' होतं हे मी पाहिलं आणि पुढे काही अडलं नाही म्हणून सोडून दिलं. ही माझी चूक, ती आधीच कबूल करते. परीक्षेत मुलांनी प्रश्न नीट वाचला नाही की मी काय बोलायचे ते माझ्या विद्यार्थ्यांना आठवत असेल.

रीबूट केलं. खोकं सुरू झालं, पंखा फिरला, पण लॅपटॉपवरून हाक मारली तर उत्तर नाही. मागे नेटवर्कची तार लागते तिथला हिरवा दिवा बंद.

आता वेळ कशी होती ते सांगते. आमच्या ओव्यांपैकी सगळ्यांत जास्त ज्यांनी म्हटल्या त्या काकू त्याच आठवड्यात गेल्या होत्या. तेराव्याला त्यांचाच आवाज लावायचा असं त्यांच्या नातीने ठरवलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. बाहेरच्या डिस्कवर प्रत होती, म्हणजे आवाज हरवला नव्हता. पण ती नात सुरतेत, तिचा भाऊ मस्कतला, आणि ऐकणार ते या खोक्यातूनच. खोकं उचलून बैठकीत आणलं, टीव्हीला जोडलं, शेजारच्या मुलाचा कीबोर्ड मागून आणला आणि पुण्याला भाच्याला फोन लावला.

त्याने एक गोष्ट मात्र चोख केली, तिचं श्रेय त्याला देते. म्हणाला, "मावशी, घाबरू नकोस. सुरू होताना यादी येईल, त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आहे, तिथे जुनं कर्नल अजून असेल, ते निवड." निवडलं. हिरवा दिवा लागला. मी देवाला आणि भाच्याला हात जोडले, याच क्रमाने. त्याने तिकडून लॉगिन केलं, जुनं कर्नलच कायम सुरू होईल असं करून टाकलं आणि कर्नलच्या पॅकेजवर होल्ड लावला. म्हणजे आता काहीही होवो, कर्नल बदलणार नाही. तेराव्याला काकूंचा आवाज लागला. मीही विसरून गेले.

संक्रांतीच्या सुमारास सहज पाहिलं तर अडीच महिने कर्नल जागचं हललेलं नव्हतं. भाच्याला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "चालतंय ना? मग हात कशाला लावतेस?" ग्रुपवर बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्यांनी लिहिलं की त्यांच्या ऑफिसातल्या एका सर्व्हरला सहा वर्षं कोणी बोट लावलेलं नव्हतं. अभिमानाने लिहिलं! सहा वर्षं दार उघडं होतं आणि चोर आला नाही, याचा अभिमान.

माझं भांडण या वाक्याशी आहे. हे वाक्य शहाणपणाचं वाटतं, म्हणून ते जास्त घातक आहे.

'चालतंय' म्हणजे काय? मार्च २०२२ मध्ये मॅक्स केलरमन या प्रोग्रॅमरने लिनक्स कर्नलमधलं एक भोक जगापुढे मांडलं. 'डर्टी पाइप' असं त्याचं नाव पडलं. ते सापडलं कसं, तर एका ग्राहकाच्या नोंदींच्या फायली मधूनच खराब व्हायच्या आणि हा माणूस कित्येक महिने त्याचा माग काढत बसला. (अशी माणसं असतात म्हणून जग चालतं.) शेवटी निघालं असं, की ज्या फायली फक्त वाचायची परवानगी आहे त्यात साध्या लॉगिनवालाही लिहू शकतो, आणि त्या वाटेने सगळ्या यंत्राचा मालक होऊ शकतो. २०२० च्या ५.८ या कर्नलपासून ते भोक होतं. दुरुस्ती आली ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये. पण ज्यांनी कर्नलला कुलूप घातलं होतं त्यांचंही यंत्र त्या दिवशी चालतच होतं की! दिवा हिरवा, पंखा सुरू, सगळं उत्तम. माझ्या खोक्यावर तीन मुलींची लॉगिन आहेत. तिघी गुणी आहेत, पण एकीचाही पासवर्ड कुठे सांडला तर मधे उभा राहणार तो कर्नलच.

त्यातून माझी गोष्ट आणखी वाईट. मी १३ मध्ये आले होते आणि कर्नल १२ मधलं वापरत होते. नव्या आवृत्तीच्या भांडारातून त्या जुन्या कर्नलला काही दुरुस्ती येणारच नव्हती. शाळा बदलली, पण हजेरी जुन्याच शाळेच्या पटावर. कोणत्याही मास्तरांचं लक्ष नाही.

यावर मेहुण्यांनी १९ जुलै २०२४ काढला. तो दिवस आठवत असेल: जगभर विंडोजची यंत्रं निळी पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख यंत्रं. "बघा, अपडेटने काय होतं!" मेहुणे, बघितलं. पण ते विंडोजच्या कर्नलचं अपडेट नव्हतं. क्राउडस्ट्राइक या बाहेरच्या कंपनीचा ड्रायव्हर कर्नलच्या पोटात बसून काम करत होता, त्याला एक चुकीची फाइल वाचायला मिळाली आणि तो घरधन्याला घेऊन पडला. तुमचा पुरावा माझ्याच बाजूची साक्ष देतो. कसा, ते पुढे येईलच.

तुम्हाला न सुचलेला, माझ्याविरुद्धचा खरा पुरावा मीच देते. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२ ला ६.१.६४ हे कर्नल आलं आणि त्यात अशी चूक होती की ईएक्सटी४ या फाइल-पद्धतीवरची माहितीच बिघडू शकत होती. १२.३ चं प्रकाशन तिथेच थांबवावं लागलं आणि लगेच दुरुस्त कर्नलसह १२.४ आलं. म्हणजे अपडेट कधीकधी खरोखर चावतं. म्हणूनच प्रत काढायची, म्हणूनच जुनं कर्नल यादीत ठेवायचं. पण एकदा दूध नासलं म्हणून कोणी दूध घ्यायचं बंद करत नाही, आणि जुनंच दूध पीत तर मुळीच राहत नाही.

असो. आता मूळ गुन्हेगार.

संक्रांतीनंतर माझा एक जुना विद्यार्थी गावी आला होता. मराठीत काठावर पास व्हायचा. आता सर्व्हर सांभाळायची नोकरी करतो. तिळगूळ घेतला आणि म्हणाला, "बाई, बघू तरी." पुन्हा टीव्ही, पुन्हा कीबोर्ड. त्याने एलएसपीसीआय ही आज्ञा दिली, पुढे एक आडवी रेघ आणि 'के'. यंत्रातला प्रत्येक भाग कोणत्या ड्रायव्हरवर चालतो ते ती दाखवते. मग त्या ड्रायव्हरची फाइल कुठे आहे ते पाहिलं. कर्नलच्या स्वतःच्या ड्रायव्हरांच्या फोल्डरात नव्हतीच. ती होती डीकेएमएसच्या फोल्डरात.

हे माझ्या वाचकांना समजावून सांगणं माझं काम. अभ्यासक्रम बदलला की बालभारतीचं पुस्तक त्याबरोबर बदलतं, कारण दोन्ही एकाच छपराखाली ठरतं. बाजारातलं गाइड बदलतं का? प्रकाशकाला परवडलं तर. नाहीतर जुनंच गाइड नव्या वेष्टणात. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये जे ड्रायव्हर आहेत ते पाठ्यपुस्तकातले धडे. कर्नलच्या आतली एखादी रचना कोणी बदलली तर तिच्यावर विसंबलेले, त्या झाडातले सगळे ड्रायव्हर त्याच माणसाने दुरुस्त करायचे, असा तिथला रिवाज आहे. आणि रचना सारखी बदलते. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नल येतं. बाहेरच्या प्रोग्रॅमांना दिलेला शब्द कर्नल मोडत नाही, पण घरातल्या घरात भांडी कुठे ठेवायची हे आम्ही ठरवू, बाहेरच्याने त्यावर विसंबू नये, असं ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्याच कागदपत्रांत स्पष्ट लिहून ठेवलं आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेला ड्रायव्हर म्हणजे गाइड. त्याला हे बदल कळत नाहीत, कोणीतरी बसून कळवावे लागतात.

मग डीकेएमएस काय करतं? नवं कर्नल आलं की बाहेरचा ड्रायव्हर त्याच्यासाठी नव्याने बांधून देतं. वीस वर्षांपूर्वी डेलच्या लोकांनी केलेली ही सोय आहे आणि चांगली आहे. पण ती गिरणी आहे. गिरणीत जे टाकाल त्याचंच पीठ. माझ्या यंत्रातला ड्रायव्हर जुना, ६.१२ ची घडण वेगळी, पीठ झालंच नाही. मी सोडून दिलेली ती 'एरर'ची ओळ हीच.

इथवर गोष्ट साधी होती. पुढे जे निघालं त्याने मला खरा राग आला.

हे खोकं मी २०२४ मध्ये तालुक्याच्या दुकानातून जोडून घेतलं. (कंपनीचं आणि दुकानाचं नाव घेत नाही, दोघंही एकटे नाहीत.) मदरबोर्डवरची नेटवर्कची चिप नवी होती, ६.१ कर्नलला तिची ओळख नव्हती. दुकानदाराने कंपनीचा ड्रायव्हर चढवून दिला. खोक्यावर 'लिनक्स' हा शब्द छापलेला होता, मला तेवढं पुरलं. त्या ड्रायव्हरने चढताना आणखी एक काम करून ठेवलं होतं: कर्नलचा स्वतःचा, त्याच जातीच्या चिपांसाठीचा जो ड्रायव्हर, त्याचं नाव ब्लॅकलिस्टमध्ये घातलं होतं. म्हणजे तो कधी चढूच नये. दोघांची मारामारी नको म्हणून.

आणि ६.१ आणि ६.१२ यांच्या दरम्यान मुख्य कर्नलने माझी चिप ओळखायला शिकून घेतलं होतं!

म्हणजे ज्या अपडेटला आम्ही अडीच महिने शिव्या दिल्या त्याच्याबरोबर माझ्या दुखण्याचं औषध आलेलं होतं. ते दारात उभं होतं. आणि कंपनीच्या ड्रायव्हरने, जो स्वतः चालू शकत नव्हता, दाराला आतून कडी घातलेली होती. विद्यार्थ्याने ती एक फाइल काढली, बाहेरचा ड्रायव्हर काढला, सुरुवातीची रॅमडिस्क नव्याने बांधली, रीबूट. हिरवा दिवा. दहा मिनिटं, त्यातली चार चहाची.

भाच्या, तुझं कुलूप तसंच राहिलं असतं तर हे औषध जन्मभर दारात उभं राहिलं असतं, आणि तू दर वर्षी म्हणाला असतास, "बघ, चालतंय."

माझा राग भाच्यावर कमीच आहे. पोर मदतीला धावलं होतं. राग आहे तो 'लिनक्स' हा शब्द खोक्यावर छापणाऱ्यांवर. त्यांच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की संकेतस्थळाच्या कुठल्याशा कोपऱ्यात एक झिप फाइल आहे. त्या पानावर तो ड्रायव्हर कुठल्या कर्नलपर्यंत चालेल ते लिहिलेलंही होतं, आणि तो आकडा ६.१२ च्या अलीकडेच थांबला होता. नंतर यंत्र तुमचं, नशीब तुमचं. मिक्सर विकताना जर दुकानदाराने सांगितलं की वीजमंडळाने खांब बदलला तर हा बंद पडेल, तर घ्याल का?

मोठ्या कंपन्यांनाही हे वळण लागायला वर्षं लागली. लायनस टोरवाल्ड्सने २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला जे बोट दाखवलं ते सगळ्या जगाने पाहिलं. (मास्तरणीच्या नात्याने त्या बोटाला माझा पाठिंबा नाही. कारणाला आहे.) त्या कंपनीने आपल्या कर्नल-मॉड्यूलांचा मजकूर खुला केला तो मे २०२२ मध्ये. खुला केला खरा, पण मुख्य कर्नलच्या बाहेरच ठेवला. म्हणजे गाइड आता फुकट वाचायला मिळतं, पण गाइडच.

कर्नलवाल्यांनाही मी मोकळं सोडत नाही. आतली रचना वाटेल तेव्हा बदलू, हा त्यांचा बाणा त्यांच्या सोयीचा आहे, आणि त्याचा भुर्दंड बसतो तो तालुक्याच्या दुकानात खोकं घेणाऱ्याला. दीर्घकाळ सांभाळायच्या कर्नलांची मुदतही सहा वर्षांवरून दोनवर आणायचं त्यांनी २०२३ मध्ये जाहीर केलं. सांभाळणारी माणसं थकली, असं कारण. थकली असतील, मी थकवा जाणते. पण मुदत जितकी आखूड, तितकं एका जुन्या कर्नलला चिकटून बसणं अवघड, आणि तितकाच बाहेरचा ड्रायव्हर महाग. विद्यार्थ्याला विचारलं, मग माझ्यासारखीने काय करायचं? तो म्हणाला, "बाई, घेतानाच विचारायचं. हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का, आणि कितव्या कर्नलपासून. दुकानदाराला माहीत नसेल तर चिपचं नाव लिहून घ्यायचं आणि घरी येऊन बघायचं. नसेल तर दुसरा बोर्ड." एवढंच. साडी घेताना आपण रंग जाईल का विचारतो, पदर उलटून बघतो. पस्तीस हजारांचं खोकं घेताना मी वरचा छापील शब्द वाचून आले.

होल्ड मी काढला आहे. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, मुली कामात नसताना, अपडेट करते आणि यंत्राजवळ बसूनच रीबूट करते. जुनं कर्नल यादीत असतंच. धावणाऱ्या ओळी आता एका फाइलमध्ये उतरवून घेते आणि चष्मा लावून वाचते. एक जुनं, कर्नलला पूर्वीपासून ठाऊक असलेलं यूएसबी नेटवर्क कार्ड विद्यार्थ्याने देऊन ठेवलं आहे, ते खोक्यावरच टेपने चिकटवलं आहे, अडीअडचणीला. फेब्रुवारीचा रविवार झाला. दिवा हिरवा आहे, आणि काकूंच्या ३१ ओव्यांपैकी नऊ सुरतेच्या नातीने स्वतः लिहून पाठवल्या आहेत. त्यात दोन शब्द मला अडले आहेत, ते पुढच्या लेखात विचारीन.

ता.क. भाच्या, ह.घ्या. पुढच्या पहिल्या रविवारी येणार असशील तर येताना एक कीबोर्ड आण. शेजारचा पोरगा आता द्यायला कुरकुरतो.